संघमालकालाच बेसबॉलची गादी का हवी होती? बड सेलिग, मिलवॉकी आणि १९९२

गोदाकाठ

फे विन्सेंट फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे ते आठवे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, आणि माझ्या मते मालकांना दटावू शकणारे शेवटचे. त्यांच्याबद्दल वाचताना एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात घोळायला लागला, म्हणून हा धागा. ज्याच्या नावावर एक संघ आहे, तो माणूस सगळ्या संघांवर हुकूम चालवणारी खुर्ची का मागतो? त्याला नक्की काय हवं असतं?

थोडी पार्श्वभूमी. कमिशनर हे पद १९२० मध्ये आलं, तेच मालकांवर कोणाचा भरवसा उरला नव्हता म्हणून. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने सोडल्याचं उघड झालं. मालक हादरले आणि त्यांनी केनेसॉ माउंटन लँडिस या फेडरल न्यायाधीशाला बाहेरून आणून बसवलं. खेळाच्या हिताचं वाटेल ते त्याने करावं आणि मालकांनी निमूट ऐकावं, अशी बोली झाली. त्यानंतर या खुर्चीत सिनेटर आला, क्रीडापत्रकार आला, हवाई दलाचा जनरल आला, ऑलिंपिक भरवणारा आला, येल विद्यापीठाचा अध्यक्षही आला. बहात्तर वर्षांत संघमालक मात्र एकही आला नाही.

३ सप्टेंबर १९९२ ला शिकागोजवळ मालकांची बैठक झाली. विन्सेंट यांच्यावर अविश्वासाचा ठराव १८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला, एक जण तटस्थ राहिला. विन्सेंट यांनी चार दिवसांनी राजीनामा दिला. लगेच कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षपदी मिलवॉकी ब्रुअर्सचे मालक बड सेलिग आले, म्हणजे व्यवहारात हंगामी कमिशनर. काही महिन्यांची व्यवस्था म्हणून जे सुरू झालं ते जुलै १९९८ मध्ये कायम झालं आणि जानेवारी २०१५ पर्यंत चाललं. मला कायमची खुर्ची नको, असं सेलिग मधली सहा वर्षं सांगत राहिले.

सेलिग यांचा हेतू समजून घ्यायचा तर सुरुवात १९९२ पासून करून भागत नाही, १९६५ पर्यंत मागे जावं लागतं.

ते विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीचेच. वडिलांचा मोटारविक्रीचा धंदा. आई शाळेत शिकवायची, युक्रेनमधून आलेली, आणि बेसबॉलचं वेड तिचंच. १९५३ मध्ये बॉस्टनचा ब्रेव्हज संघ मिलवॉकीत आला तेव्हा ते शहर खुळावलं. पुढची काही वर्षं मोसमाला वीस लाखांवर प्रेक्षक यायचे. १९५७ मध्ये या संघाने न्यूयॉर्कच्या यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, संघाचा मोठा फटकेबाज हँक आरन ऐन भरात होता. १९६२ मध्ये शिकागोच्या मंडळींनी संघ विकत घेतला आणि थोड्याच दिवसांत त्यांची नजर अटलांटाकडे वळली, तिथली टीव्हीची बाजारपेठ मोठी होती. सेलिग तेव्हा तिशीत होते, आणि सर्वसामान्य भागधारकांत सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता. त्यांनी आरडाओरडा केला, पण कोणी दाद दिली नाही. १९६५ चा शेवटचा मोसम संघाने मिलवॉकीत काढला तो जाणार हे ठरलेलं असताना. विस्कॉन्सिन राज्याने कोर्टात खेचलं, खालच्या कोर्टात जिंकलंही, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी हरलं. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ पासून सूट आहे, त्या भिंतीवर सगळं आपटलं.

त्यानंतर सेलिग यांनी पाच वर्षं दारोदार फिरून संघ मागितला. १९६८ मध्ये व्हाइट सॉक्सचे नऊ सामने मिलवॉकीत भरवले, तर त्या संघाच्या मोसमातल्या एकूण प्रेक्षकांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक त्या नऊ सामन्यांना आले. शेवटी ३१ मार्च १९७० ला दिवाळखोरीच्या कोर्टातून सिअ‍ॅटल पायलट्स हा संघ १ कोटी ८ लाख डॉलरला मिळाला. मोसम आठवड्यावर आलेला. सामानाचा ट्रक युटामध्ये थांबला होता, सिअ‍ॅटलला वळायचं की मिलवॉकीला, याची वाट बघत. गणवेश शिवायला सवडच नव्हती. पायलट्सच्याच शर्टांवरची अक्षरं उसवली आणि त्या जागी ब्रुअर्स शिवलं. ७ एप्रिलला पहिला सामना झाला, १२-० असा मार खाल्ला, आणि तरी लोक खूष होते.

हा माणूस १९९२ मध्ये त्या खुर्चीत बसला. मला वाटतं त्याला मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: मोठ्या शहराच्या टीव्हीच्या पैशापुढे लहान शहराचा संघ पुन्हा उचलून नेला जाऊ नये. त्यासाठी श्रीमंत संघांचा पैसा गरिबांत वाटायचा आणि खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घालायची. दोन्ही गोष्टी बाहेरचा कमिशनर करून देणार नव्हता.

माझ्या मते हा हेतू खरा होता, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो माणूस त्या खुर्चीसाठी योग्य नव्हता. आपलं हित आणि खेळाचं हित एकच आहे अशी ज्याची मनापासून खात्री आहे, त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिरवळ

बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण लेखन आवडलं. एक साधा प्रश्न. कमिशनरला नेमतं कोण आणि पगार कोण देतं?

गोदाकाठ

दोन्ही मालकच, हिरवळताई. आधीपासून तसंच आहे. लँडिसची गोष्ट वेगळी होती, कारण त्याच्याशिवाय खेळाची अब्रू वाचणार नव्हती आणि हे मालकांनाही कळत होतं. विन्सेंट यांनी तीच ताकद शांततेच्या काळात वापरायचा प्रयत्न केला. १९९० मध्ये करार होईपर्यंत मालकांनी टाळेबंदी करून खेळाडूंना बाहेर ठेवलं, त्यात ते मध्ये पडले, ते मालकांना झोंबलं. सगळे संघ अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये विभागलेले आहेत; नव्या संघांच्या प्रवेशशुल्कातला हिस्सा अमेरिकन लीगला देऊन त्यांनी नॅशनल लीगला दुखावलं. शिकागो कब्ज या संघाला पश्चिम विभागात जायचा हुकूम काढला, कब्जने कोर्टातून तो अडवला. एकेका निर्णयागणिक एकेक मालक विरोधात जात गेला.

पायवाट

मी पुण्यात कामगार कायद्याची वकिली करते, त्यामुळे मला या गोष्टीत ब्रेव्हजपेक्षा १९९४ जास्त दिसतं. गोदाकाठ, तुम्ही मिलवॉकीचं दुःख फार मनापासून लिहिलं आहे, पण १८ मतं त्या दुःखासाठी पडली नाहीत. खेळाडूंच्या संघटनेशी करार संपत आला होता, आणि या खेपेस मध्ये पडणारं कोणी नको होतं, म्हणून ती मतं पडली.

क्रम बघा. १९८५ ते ८७ या काळात करारमुक्त खेळाडूंना बोली लावायचीच नाही असं मालकांनी आपापसांत ठरवून घेतलं. लवादांनी ते पकडलं आणि २८ कोटी डॉलर भरून द्यावे लागले. १९९० मध्ये टाळेबंदी केली तर कमिशनर मध्ये आला. १९९२ मध्ये कमिशनरला काढलं. जानेवारी १९९४ मध्ये फोर्ट लॉडरडेलला मालकांनी ठरवलं की श्रीमंत संघ गरिबांना पैसे देतील, पण खेळाडूंनी पगारमर्यादा मान्य केली तरच. म्हणजे मालकांमधलं भांडण मिटवायचं, पण बिल खेळाडूंनी भरायचं.

खेळाडू १२ ऑगस्ट १९९४ ला संपावर गेले. त्याआधी १ ऑगस्टला मालकांनी निवृत्तिवेतन निधीचे ७८ लाख डॉलर अडवून ठेवले होते. १४ सप्टेंबरला सेलिग यांनी वर्ल्ड सिरीज रद्द केल्याचं जाहीर केलं. दोन महायुद्धांत जी थांबली नाही, १९०४ नंतर एकदाही चुकली नव्हती, ती. डिसेंबरमध्ये मालकांनी पगारमर्यादा एकतर्फी लागू केली. श्रम मंडळाने बडगा दाखवल्यावर ती मागे घेतली, पण लगेच पगाराचा लवाद आणि करारमुक्त खेळाडूंसाठीची खुली बोली बंद केली. मग न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात ३१ मार्च १९९५ ला मनाई हुकूम निघाला. न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २३२ दिवसांनी संप मिटला, तोही जुन्याच अटींवर.

औद्योगिक वादात मालक, मालकांचा वाटाघाटी करणारा आणि खेळाचा निःपक्ष प्रमुख या तिन्ही जागा एकाच बाजूकडे गेल्या की कामगाराने जायचं कोणाकडे? उरतं ते कोर्ट. झालंही तसंच.

खडूफळा

पायवाट यांना अनुमोदन. ज्याने १९९४ चा मोसम पाहिला त्याला विचारा. टोनी ग्विनची फलंदाजीची सरासरी .३९४ वर होती, मॅट विल्यम्सचे ४३ होम रन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, झाले होते, आणि माँट्रियल एक्स्पोज हा संघ ७४ विजय आणि ४० पराभव असा सगळ्यांच्या पुढे होता. सगळं अर्ध्यावर तुटलं. एक्स्पोज नंतर सावरलेच नाहीत.

लहान बाजारपेठेचा संघ वाचवायला निघालेल्या माणसाच्या कारकिर्दीत लहान बाजारपेठेचा सर्वांत सुंदर संघ मेला, हे मला आजही पचत नाही.

वॉकेशाकर

मी नव्वदच्या दशकापासून मिलवॉकीच्या पश्चिमेला, वॉकेशा काउंटीत (इथला जिल्हाच म्हणा) राहतो. थोडं इथलं सांगतो.

पहिलं, सेलिग यांचं या शहरावरचं प्रेम खरंच आहे, त्याबद्दल इथे शंका घेणारा सापडणार नाही. कमिशनर झाले तरी न्यूयॉर्कला गेले नाहीत, मिलवॉकीतूनच कारभार केला. दुपारचं जेवण म्हणजे गिलीज नावाच्या कस्टर्डच्या दुकानातलं हॉट डॉग, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. सगळा कारभार फोनवर. एकेका मालकाला फोन करत राहायचे, सगळे एका बाजूला येईपर्यंत मतदान घ्यायचेच नाहीत.

दुसरं, मैदान. ब्रुअर्सचं काउंटी स्टेडियम जुनं झालं होतं. छत सरकणारं नवं मैदान हवं, नाहीतर संघ इथे टिकणार नाही, असा सूर निघाला. १९९५ मध्ये पाच काउंट्यांमध्ये ०.१ टक्का विक्रीकर लावायचं विधेयक आलं. रसीनचे सिनेटर जॉर्ज पेटाक आधी नाही म्हणत होते, ऐन मतदानाच्या रात्री त्यांनी बाजू बदलली आणि विधेयक पास झालं. रसीनच्या मतदारांनी पुढच्याच वर्षी, मुदत संपण्याआधीच, मतदान घेऊन त्यांना घरी बसवलं आणि त्या एका जागेपायी राज्याच्या सिनेटमधलं बहुमत पालटलं. १४ जुलै १९९९ ला बांधकामावरची प्रचंड क्रेन कोसळून पोलादी सांगाडा उभारणारे तीन कामगार गेले. मैदान २००१ मध्ये उघडलं.

आमच्या काउंटीत तेव्हा वाणसामान सोडून बाकी कशाच्याही पावतीवर ५.१ टक्के कर दिसायचा. पाच टक्के राज्याचा, आणि तो वरचा एक दशांश ब्रुअर्सच्या मैदानाचा. मुलाची वही घेतली तरी तो असायचा. २०२० मध्ये बंद झाला.

आता मला जे खटकतं ते. ब्रेव्हज गेले तेव्हाची संघ जाण्याची भीती तीस वर्षांनी, मैदान द्या नाहीतर चाललो अशी धमकी होऊन आमच्यापुढे ठेवली गेली, आणि ठेवणाऱ्या संघाचा मालक हाच खेळाचा प्रमुख होता. संघाने जावं की राहावं यावर ज्याचा शब्द चालतो, त्याचाच संघ जायचं म्हणतोय. मी ब्रुअर्सचा पक्का चाहता आहे, लेकीला घेऊन त्याच मैदानावर जातो, आणि तरीही हे मला कधी बरं वाटलं नाही.

एकतारा

वॉकेशाकर, फार छान प्रतिसाद. १९९८ मध्ये ब्रुअर्स नॅशनल लीगमध्ये गेले त्याबद्दलही सांगा ना. त्यातही स्वार्थ होता असं वाचलंय.

वॉकेशाकर

एकतारा, त्या बाबतीत मी सेलिग यांची बाजू घेईन. अ‍ॅरिझोना आणि टँपा बे हे दोन नवे संघ आले, दोन्ही लीगमध्ये सम संख्या ठेवायला एका संघाला अमेरिकन लीगमधून नॅशनलमध्ये जाणं भाग होतं. आधी कॅन्सस सिटी रॉयल्सना विचारलं, ते नको म्हणाले. मग ब्रुअर्स गेले. फायदा झाला हे खरं, कारण कब्ज नॅशनल लीगमध्ये आहेत आणि शिकागो इथून दीड तासावर. कब्ज आले की मैदानात निम्मे लोक त्यांचेच दिसतात. शिवाय इथल्या जुन्या माणसांसाठी नॅशनल लीग म्हणजे ब्रेव्हजची लीग, ती परत आली याचं त्यांना फार अप्रूप होतं.

लोन्सम_पाटील

डॅलसहून लिहितोय. या धाग्यात दुसऱ्या एका मालकाचं नाव अजून कसं आलं नाही? त्याच वेळी ही खुर्ची आणखी एका संघमालकाला हवी होती: जॉर्ज डब्ल्यू. बुश, टेक्सास रेंजर्स.

वडील राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, १९८९ मध्ये, बुश यांनी इतर गुंतवणूकदारांबरोबर रेंजर्स घेतला. सौदा आठ कोटींच्या वर, त्यात बुश यांचे स्वतःचे फक्त सहा लाखांच्या आसपास. संघाचा चेहरा मात्र तेच. पहिल्या रांगेत बसायचे, शेंगा खात लोकांशी गप्पा मारायचे. विन्सेंट बुश घराण्याचे जुने स्नेही, तरुणपणी त्यांच्या घरी मिडलंडला राहून तेलविहिरींवर काम केलेले, आणि १९९२ मध्ये रेंजर्सचं मत त्यांच्याच बाजूने पडलं. विन्सेंट यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की बुश यांनी ही खुर्ची आपल्याला हवी असल्याचं त्यांच्याकडे बोलून दाखवलं, सेलिग पाठिंबा देतील असं बुश यांना वाटत होतं, आणि विन्सेंट यांनी त्यांना सावध केलं की सेलिगना ती स्वतःलाच हवी आहे. सेलिग यांच्या बाजूने ही हकीगत अर्थातच वेगळी आहे.

महिने गेले, नेमणूक काही झाली नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये वाइल्ड कार्डचा, म्हणजे विभाग न जिंकलेल्या संघालाही बाद फेरीत घेण्याचा, ठराव आला तेव्हा २७ विरुद्ध १ असं मत पडलं, तो एक म्हणजे बुश. नोव्हेंबरमध्ये त्यांनी गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझं मत असं की बुश यांना ती खुर्ची बेसबॉलवरच्या प्रेमापोटी हवी होती, आणि वडिलांच्या नावाव्यतिरिक्त स्वतःचं काहीतरी हवं होतं म्हणूनही. रेंजर्सचं अर्थकारण दुरुस्त करायची त्यांना गरज नव्हती. आर्लिंग्टनमध्ये जनतेच्या अर्ध्या टक्का विक्रीकरातून नवं मैदान १९९४ मध्ये उभं राहिलं, १९९८ मध्ये संघ २५ कोटींना विकला गेला आणि बुश यांच्या वाट्याला दीड कोटीच्या आसपास आले. सेलिग यांना मात्र खेळाचे नियमच बदलल्याशिवाय संघ टिकवता येत नव्हता. दोन मालक आणि खुर्ची एक, पण त्यामागचं कारण दोघांचं निराळं.

मिडऑन

हे सगळं वाचताना श्रीनिवासन आठवल्याशिवाय राहत नाहीत. बीसीसीआयच्या पदाधिकाऱ्याला मंडळाच्या स्पर्धेत व्यापारी हितसंबंध ठेवता येणार नाही, असा नियम होता. २००८ मध्ये आयपीएलपुरती त्यात पाचर मारली. इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ, आणि त्याच कंपनीचे सर्वेसर्वा श्रीनिवासन २०११ पासून मंडळाचे अध्यक्ष. २२ जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. बेसबॉलमध्ये असं कोणी कोर्टात का गेलं नाही?

पायवाट

मिडऑन, कारण आपल्याकडे न्यायालयाने मंडळाचं काम सार्वजनिक स्वरूपाचं धरलं. देशाचा संघ निवडतं, देशाच्या नावाने खेळवतं. मेजर लीग बेसबॉल म्हणजे खाजगी मालकांचा आपसातला करार, आणि वर १९२२ पासूनचं संरक्षण. खेळाडू संघटनेमार्फत कोर्टात जाऊ शकतात, तेही श्रमकायद्याखाली. प्रेक्षकाला तिथे उभंच राहता येत नाही. विस्कॉन्सिनसारख्या राज्याला जमलं नाही, तर बाकीच्यांचं काय.

काळी_माती

गोदाकाठ, तुम्ही हेतू खरा होता म्हणता. मग १९९५ च्या कर्जाचं काय? मिनेसोटा ट्विन्सचे मालक कार्ल पोलाड यांच्या कंपनीकडून सेलिग यांच्या ब्रुअर्सने ३० लाख डॉलर उसने घेतले. एका मालकाने दुसऱ्याकडून कर्ज घ्यायचं तर बाकीच्या मालकांची मंजुरी लागते असा नियम. ती घेतली नव्हती. हे बाहेर आलं जानेवारी २००२ मध्ये.

आणि बाहेर आलं कधी, तर मालकांनी नोव्हेंबर २००१ मध्ये दोन संघ गुंडाळायचा ठराव २८ विरुद्ध २ ने केल्यानंतर. नावं चर्चेत होती माँट्रियल आणि मिनेसोटा. संघ गुंडाळला की पोलाड यांना घसघशीत मोबदला मिळणार होता, आणि मिनेसोटाचा चाहता शेजारच्या राज्यातल्या ब्रुअर्सकडे वळण्याची शक्यता होती. मिनेसोटाच्या कोर्टाने मैदानाच्या भाडेकराराचा आधार घेऊन ट्विन्सना २००२ चा मोसम खेळायला लावला म्हणून तो संघ आज आहे. त्याच मोसमात त्यांनी आपला विभाग जिंकला.

ब्रेव्हजच्या जखमेची गोष्ट मनाला भिडते हे खरं. पण ज्याचं शहर एकदा उघडं पडलं, तो दुसऱ्या लहान शहराचा संघ पुसून टाकायला निघतो, तेव्हा ती जखम फक्त स्वतःच्या शहरापुरतीच होती असं म्हणावं लागतं.

हिरवळ

बाप रे. आणि संघाची मालकी तोपर्यंत त्यांच्याकडेच होती?

काळी_माती

१९९८ मध्ये कायम नेमणूक झाली तेव्हा स्वतःचे समभाग विश्वस्तांकडे दिले आणि संघ मुलगी चालवायला लागली. म्हणजे कागदावर दूर, प्रत्यक्षात घरातच. विक्री झाली २००५ मध्ये, २२ कोटी ३० लाखांना. १९७० ची किंमत वर आहेच.

गोदाकाठ

काळी_माती, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण माझं म्हणणं त्याच्याच जवळ आहे.

मी खरा म्हणालो, निर्मळ म्हणालो नाही. सेलिग यांचं पहिलं मोठं यशच बघा ना. मिलवॉकीला संघ मिळाला तो सिअ‍ॅटलचा गेला म्हणून. त्या शहराला एकच मोसम मिळाला होता. वॉशिंग्टन राज्य, किंग काउंटी आणि सिअ‍ॅटल शहर अमेरिकन लीगविरुद्ध कोर्टात गेले आणि खटला चालू असताना तडजोड म्हणून १९७७ मध्ये मरिनर्स मिळाले. सेलिग यांच्यावर १९६५ मध्ये जे ओढवलं, तेच १९७० मध्ये सिअ‍ॅटलच्या लोकांवर ओढवलं, आणि त्याचा लाभ सेलिगना झाला. तेव्हा त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. २००१ मध्येही दिसली नसावी. आपल्या माणसांसाठी जीव तोडणारे लोक असेच असतात, त्यांच्या करुणेला गावकूस असतं. म्हणून तर निवाडा करायला बाहेरचा माणूस लागतो.

पण फक्त पैसा हा हेतू धरला तर काही गोष्टींचा उलगडा होत नाही. पैसाच करायचा असता तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संघ मोठ्या शहराला विकून मोकळं होता आलं असतं. संघ इथेच ठेवायचा, आणि त्यासाठी अख्खा खेळ वाकवायचा, हा हट्ट नुसत्या नफ्याच्या हिशेबाने समजत नाही.

आणि खेळ वाकला. १९९६ च्या करारात महसूलवाटप आलं, भरमसाट पगारावर कर आला, २००२ मध्ये वाटप आणखी वाढलं. पगारमर्यादा काही मिळाली नाही, ती खेळाडूंनी मिळू दिली नाही. वाइल्ड कार्ड आलं, दोन लीगमधले सामने आले. १९९२ मध्ये साऱ्या खेळाचं उत्पन्न १२० कोटी डॉलरच्या आसपास होतं, सेलिग गेले तेव्हा ९०० कोटींच्या आसपास. १९७२ नंतर २००५ पर्यंत एकही संघ शहर सोडून गेला नाही. जो गेला तो माँट्रियलचा.

खडूफळा

माँट्रियलबद्दल एक जोडतो, कारण या धाग्याच्या प्रश्नाचं टोक तिथेच आहे. २००२ मध्ये बाकीच्या २९ मालकांनी मिळून एक्स्पोज विकत घेतला. जुन्या मालकाला १२ कोटी दिले, त्याने फ्लोरिडाचा संघ घेतला, फ्लोरिडाच्या मालकाने बॉस्टनचा संघ घेतला. म्हणजे तीन मोसम एक संघ त्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या मालकीचा होता आणि त्यावर देखरेख कमिशनरची. कोणता खेळाडू घ्यायचा, किती खर्च करायचा, हे प्रतिस्पर्धी ठरवणार. १९२० मधल्या मालकांना हे कोणी सुचवलं असतं तर लँडिसने त्यांना दालनातून बाहेर काढलं असतं.

एकतारा

एक वेगळा विचार. सगळे मालक एकसारखे नव्हते हेही नोंदवायला हवं. १९९५ च्या वसंतात संपकऱ्यांच्या जागी बदली खेळाडू उतरवायचं ठरलं, तेव्हा बाल्टिमोरचे मालक पीटर अँजेलोस यांनी साफ नकार दिला. ते स्वतः कामगारांचे वकील होते. डेट्रॉइटचे व्यवस्थापक स्पार्की अँडरसन यांनीही बदली खेळाडूंना शिकवायला नकार दिला. तेव्हा मालक आहे म्हणजे हेतू एकच, असं धरून चालता येत नाही. अँजेलोससारखा मालक प्रमुख झाला असता तर?

पायवाट

तरी माझी हरकत राहिलीच असती, एकतारा. माणूस चांगला आहे म्हणून दोन टोपल्या एकाच हातात देत नाहीत. उद्या तो माणूस बदलतो.

लोन्सम_पाटील

आताचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड मालक नाहीत. सेलिग यांच्याच हाताखाली तयार झालेले कामगारविषयक वकील आहेत. मग प्रश्न सुटला म्हणायचा का?

पायवाट

नाही. ते मालकांच्या बाजूने वाटाघाटी करतच वर आले. डिसेंबर २०२१ मध्ये टाळेबंदी झाली, ९९ दिवस चालली, ती त्यांनीच जाहीर केली. विन्सेंट यांच्यासारखं मध्ये पडून मैदानाचे दरवाजे उघडा म्हणणारं कोणी नव्हतं, कारण तशी जागाच उरलेली नाही.

गोदाकाठ

हेच. सेलिग यांच्या हेतूंवर आपण इथे एकमत होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण त्यांनी खुर्चीत बसून खुर्चीचं काम बदललं, यावर कोणाचा आक्षेप दिसत नाही. २०१७ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनात, घेतलं. खेळाडूंची संघटना उभी करणारे मार्विन मिलर यांना मात्र हयातीत तिथे जागा मिळाली नाही. ते २०१२ मध्ये गेले आणि त्यांची निवड २०१९ च्या डिसेंबरात झाली.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे आणि पगारमर्यादेची मागणी मालकांच्या गोटातून पुन्हा ऐकू येते आहे. वॉकेशाकर, तुमच्याकडे याबद्दल काय बोललं जातंय ते जरूर लिहा. मिलवॉकीच्या चाहत्याला मर्यादा हवी आहे का, की १९९४ आठवून नको वाटते?

वॉकेशाकर

तरुण पोरांना हवी आहे. दरवर्षी चांगला खेळाडू घडवायचा आणि करार संपला की न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजलिसला जाताना बघायचा, याला ती कंटाळली आहेत. माझ्या वयाच्या लोकांना मात्र सप्टेंबर १९९४ मधलं रिकामं काउंटी स्टेडियम आठवतं. माझा शेजारी ब्रेव्हज गेले तेव्हा शाळेत होता. तो म्हणतो, मर्यादा आणा, पण टेबलाच्या त्या बाजूला खेळाडू बसवून आणा, लादू नका. मला त्याचं पटतं.